घाटाईची वाफ

घाटाच्या पायथ्याशी निरगुडी नावाचं एक गाव होतं, आणि त्या गावात केरबा निकम नावाचा एक गाडीवाला राहत होता. वरच्या पठारावरची माणसं खाली बाजाराला आणायची आणि बाजार आटोपला की पुन्हा वर पोचवायची, हा त्याचा धंदा. गाडी स्वतःची होती. पांढरी, लांबट, मागे समोरासमोर बाकं असलेली. माणूस स्वभावानं चांगला. दारू नाही, विडी नाही, कुणाला वाटेत टाकून जाणं नाही. फक्त कौतुकाचा जरा जास्तच भुकेला होता, एवढंच.

आणि कौतुक करण्यासारखं त्याच्याकडे होतंही. केरबाचा हात फार हलका. घाटात तो गाडी अशी उतरवी, की आईच्या मांडीवर झोपलेलं मूल शेवटच्या वळणापर्यंत डोळे उघडत नसे. त्यामुळे कुणी आजारी असो, कुणी दिवस गेलेली बाई असो, पठारावरचे लोक म्हणत, "जरा थांबा, पण केरबाच्याच गाडीनं पाठवा." हे शब्द कानावर पडले की केरबा मिशीवरून हात फिरवी आणि ऐकलंच नाही असं दाखवी.

घाट जिथे संपतो तिथे रस्त्याच्या कडेला एक झरा आहे. झऱ्याला लागून घाटाईचं लहानसं देऊळ. एका उन्हाळ्यात केरबा भरल्या गाडीनं घाट उतरून तिथे आला, तर पुढच्या चाकांतून धूर निघत होता. जळका वास सुटला होता. केरबाची गाळण उडाली. गाडी पेटते की काय, ह्या भीतीनं त्यानं देवळातली बादली उचलली, झऱ्याखाली धरली आणि भस्सकन पाणी चाकांवर फेकलं. चर्र असा आवाज झाला. वाफेचा मोठा लोट उठला आणि वाऱ्यासरशी थेट देवळात शिरला.

गाडीतल्या एका म्हातारीनं हात जोडले. "घाटाईनं निवद घेतला गं बाई!" ती म्हणाली.

तिच्या मागोमाग साऱ्या गाडीनं हात जोडले. त्या वेळी केरबानं "अहो, कसला निवद? मी घाबरलो होतो," एवढं म्हटलं असतं, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण सगळे हात जोडून उभे, देवळातला गुरवही डोळे मिटून उभा. केरबानं बादली खाली ठेवली आणि त्यानंही हात जोडले.

तिथून ती रीतच पडली. घाट उतरला की गाडी थांबायची, बादल्या भरायच्या, तापल्या चाकांवर पाणी पडायचं आणि वाफ देवीकडे जायची. वाफ मोठी निघाली तर देवी प्रसन्न, लहान निघाली तर कुणाच्या तरी मनात काही तरी होतं, असं लोक ठरवून टाकत. गणू गुरवानं देवळाच्या पायरीवर पितळी बादल्यांची रांग लावली. नारळ विकायला ठेवले. दुसरे गाडीवालेही केरबाचं बघून थांबू लागले. पण लोकांच्या मते केरबाच्या चाकांची वाफ काही औरच होती.

ती औरच का होती, हे एकट्या केरबाला ठाऊक होतं. जुन्या सवयीनं तो घाट खालच्या गिअरमध्ये उतरवत असे. इंजिनच गाडीला धरून ठेवी, ब्रेकला फारसं काम पडत नसे. पण अशानं चाकं तापत नाहीत, आणि चाकं तापली नाहीत तर वाफ कुठली? म्हणून अलीकडे शेवटच्या वळणांवर तो गाडी मोकळी सोडी आणि ब्रेकवर पाय दाबून ठेवी. भक्ती वाढत गेली तसा पायही जड होत गेला.

केरबाला एकुलती एक लेक होती, रोहिणी. तिला पठारावरच्या देववाडीत दिली होती. ह्या वर्षी तिला दिवस गेले, तेव्हा केरबाची बायको हौसाबाई नुसती नाचायची बाकी राहिली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. सातवा लागला की लेकीला खाली आणायचं. आणायचं कुणी? बापानंच, बापाच्याच गाडीनं. केरबा भेटेल त्याला सांगत सुटला. "लोकांच्या लेकी आणल्या, आता माझी आणणार."

आणि नेमकी तेव्हाच गाडी थरथरू लागली.

आधी पायाला कळलं. ब्रेक दाबला की पेडल तळपायाखाली थडथड करी, जसं काही कुणी खालून बोटानं टिचक्या मारतंय. मग ती थरथर हातात आली. स्टिअरिंग हिवताप भरल्यासारखं कुडकुडू लागलं. ब्रेक सोडला की सगळं शांत, दाबला की पुन्हा सुरू. केरबानं रस्त्याला दोष दिला. मग टायरला दिला. एकदा तर मागे बसलेल्या माणसाच्या कांद्याच्या पोत्याला दिला आणि ते पोतं ह्या बाजूचं त्या बाजूला करायला लावलं. पोतं हललं, पण गाडीचं हलणं काही थांबलं नाही.

शेवटी तो तालुक्याला अन्वर मिस्त्रीकडे गेला. अन्वर कमी बोलणारा माणूस. कामात चांगला, पण देवदूत नव्हता. चहाच्या वेळी गाडीखालून बाहेर यायचा आणि मग तासभर परत जायचा नाही. त्यानं पुढची दोन्ही चाकं काढली.

चाकाच्या आत लोखंडाची एक जाड तबकडी असते. तिला डिस्क म्हणतात. चाकाबरोबर ती फिरते, आणि ब्रेक दाबला की दोन बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत धरतात. गाडी थांबते ती ह्या चिमटीनं. अन्वरनं डिस्कजवळ एक खिळा स्थिर धरला आणि हातानं डिस्क फिरवली. खिळा एका जागी डिस्कला घासला, पुढे सुटला, पुन्हा त्याच जागी घासला.

"बघितलंसा, आण्णा? डिस्क वाकड्या झाल्यात," अन्वर म्हणाला. "दोन्ही. सपाट न्हाई राहिल्या. म्हणून पॅड त्यांच्यावर आपटतायत आन् तुमचा पाय थडथडतोय."

"अशी कशी वाकडी झाली?"

"लय तापली म्हंजे होती. आन् तापल्यावर एकदम गार झाली तर लवकर होती." अन्वरनं त्याच्याकडे बघितलं. "तापल्या चाकावर पाणी पडतंय का कुठं? वाटंत वढा लागतो का?"

केरबाच्या तोंडाशी शब्द आले होते. पण तो तिथेच अडखळला. हे बोललं की अन्वर हसणार. त्याच्या हसण्याची गोष्ट गॅरेजमधून बाजारात जाणार आणि केरबाच्या आधी घाट चढणार. घाटाईची वाफ म्हणजे केरबाची घबराट, हे पठारभर होणार.

"न्हाई बा," केरबा म्हणाला. "पाणी कुठलं आलंय घाटात?"

अन्वरनं मान हलवली. डिस्क लेथ यंत्रावर चढवून वरून पातळसा थर घासून काढला आणि दोन्ही सपाट करून दिल्या. "ह्या वेळंला भागतंय," तो म्हणाला. "पण घासल्या म्हंजे पातळ झाल्या. पातळ डिस्क आणखी लवकर तापती. सांभाळून चालवा."

गाडी पुन्हा लोण्यासारखी चालू लागली. केरबा खूश झाला. झऱ्यावर पुन्हा वाफ निघू लागली. आणि थोड्याच दिवसांत पेडल पुन्हा टिचक्या मारू लागलं.

ह्या वेळी अन्वर म्हणाला, "आता घासायला काय उरलं न्हाई. नव्या घ्यायला पायजेत." दोघे मिळून सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदारानं डिस्क काढून ओळीनं मांडल्या. एक जोडी हलकी, पातळ, कुठल्या बनावटीची ते तिच्यावर लिहिलेलंही नव्हतं. अन्वरनं ती हातात घेऊन लगेच बाजूला ठेवली. दुसरी जोडी साधी, काळपट, वजनदार. तिच्या दोन पात्यांच्या मधे वारा खेळायला जागा होती, आणि गाडी नवी आली तेव्हा तिला होती तशीच होती. तिसरी जोडी मात्र बघत राहावी अशी. पृष्ठभागभर नक्षीसारखी भोकं पाडलेली, कडेला लाल रंग, आणि आरशासारखी चकचकीत.

"ही काळी घ्या," अन्वर म्हणाला. "भरली गाडी, रोजचा घाट. ह्याला असलंच जाड लोखंड पायजे. आन् पॅड बी नवं टाकू संगं. नव्या डिस्कला जुनं पॅड चालत न्हाई."

"आन् ही भोकाची?"

"ही दिसाया चांगली. एकट्यानं सडकेवर पळवायला बी चांगली आसंल. पण वज्यानं घाटात रोज तापली की भोकापासनं तडा जातो."

केरबाला तडा दिसत नव्हता. त्याला दिसत होतं वेगळंच. चाकाच्या फटींतून ती लाल कडा झळकेल. आणि पाणी पडलं की एवढ्या भोकांतून वाफ कशी निघेल! कारंज्यासारखी निघेल! रोहिणीला आणायच्या दिवशी अशी वाफ निघाली पाहिजे, की विहीणबाईंनी जन्मभर सांगत राहावं. त्यानं भोकांच्या डिस्कवर हात ठेवला.

"हीच बसव," तो म्हणाला.

अन्वरनं एकदाच विचारलं, "आण्णा, पाणी पडत न्हाई म्हणता, ते खरंच न्हवं?"

"किती येळा सांगू?" केरबा चिडून म्हणाला. अन्वर पाना शोधू लागला.

वाफ खरोखरच कारंज्यासारखी निघाली. गणू गुरवानं आरतीच लावली. लोक गाडीतून उतरून चाकांपुढे नारळ फोडू लागले. केरबाला वाटलं, आपण डिस्क निवडली ती अगदी योग्य निवडली.

रोहिणीची सासू यमुनाबाई एकदा कुणाच्या तरी साखरपुड्याला खाली यायला निघाली. करारी बाई. बोलायची थोडं, पण बोलली की घरातले भांडीसुद्धा न वाजवता उभे राहत. केरबानं तिला मानानं पुढच्या सीटवर बसवलं. घाटाच्या पहिल्या वळणावर त्यानं ब्रेक दाबला. पेडल थडथडलं. दुसऱ्या वळणावर स्टिअरिंग कुडकुडलं. खालच्या वळणांवर तर सगळी गाडीच हादरायला लागली. काचा खडखडल्या. बाकांवरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. यमुनाबाईनं एका हातानं दरवाजा धरला, दुसऱ्या हातानं समोरचा दांडा धरला, आणि घाट संपेपर्यंत दोन्ही सोडले नाहीत.

झऱ्यावर वाफ निघाली. लोकांनी हात जोडले. यमुनाबाईनं मात्र वाफेकडे बघितलंच नाही. ती केरबाच्या हातांकडे बघत होती. गाडी उभी होती, तरी त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं होतं.

"पाव्हणं," ती हळूच म्हणाली, "राग मानू नका. रोहिणीला न्यायला याल तवा दुसरी गाडी घिऊन या."

केरबाला कुणी भर चावडीत तोंडात मारली असती तरी इतकं लागलं नसतं. त्या दिवशी तो जेवला नाही. हौसाबाईला सांगितलं, तेव्हा ती ताट तसंच ठेवून त्याच्यासमोर बसली.

"दुसरी म्हंजे कुणाची?" ती म्हणाली. "साऱ्या मुलखाच्या लेकी तुम्ही आणल्या. आन् आपली पोर परक्याच्या गाडीत बसून माहेरला यायची?" मग थोड्या वेळानं, आवाज खाली आणून तिनं विचारलं, "पण खरं सांगा. आपल्या गाडीत बसवावी आशी गाडी राहिलीया का?"

केरबाला पहिल्यांदाच त्या वळणांवरची दरी दिसली. इतकी वर्षं ती तिथेच होती, पण त्याच्या डोळ्यांपुढे नेहमी खालची वाफ असे. आता त्याला त्या दरीच्या काठानं उतरणारी आपली गाडी दिसली, आणि गाडीत पोटावर हात ठेवून बसलेली रोहिणी. तो मनापासून घाबरला.

दुसऱ्या दिवशी तो रिकामी गाडी घेऊन, सावकाश, अन्वरकडे गेला. अन्वरनं चाकं काढली. चकचकीत डिस्कवर निळे डाग पडले होते. भोकाभोकांपासून केसासारखे बारीक तडे निघाले होते, आणि एक तडा तर पार कडेपर्यंत जायच्या बेतात होता. अन्वरनं त्यावर नख फिरवलं. त्यानं काहीही विचारलं नाही. नुसता डिस्क हातात घेऊन उभा राहिला.

विचारलं असतं तर केरबा कदाचित पुन्हा नाहीच म्हणाला असता. पण त्या न विचारण्यापुढे त्याचं काही चालेना.

"पाणी पडतंय," तो म्हणाला. "मीच टाकतो. रोज. बादल्यांनी."

"तापल्या चाकावर?"

"तापल्या चाकावर. आन् तापावं म्हणून ब्रेक बी मीच दाबून धरतो." मग त्यानं सगळंच सांगितलं. तो पहिला धूर, ती म्हातारी, गुरवाच्या बादल्या, सगळं.

अन्वर हसला नाही. उलट थोडा चिडला. "आण्णा, चुलीवरचा तापलेला तवा गार पाण्यात बुडवला तर ठाणकन वाकतो, हे घरात हौसाकाकींना बी ठाऊक हाय," तो म्हणाला. "मी दोनदा इचारलं. तुम्ही सांगितलं आसतं तर ह्या डिस्क तडकल्या नसत्या. देवानं माणसं वाचवली, आन् तुम्ही त्यालाच वाफ दावत होता."

केरबानं मान खाली घातली. मग दोघे दुकानात गेले. ह्या वेळी केरबानं दुसरीकडे बघितलंही नाही. साधी, काळपट, वजनदार जोडी त्यानं स्वतः उचलली. अन्वरनं ती नव्या पॅडसकट बसवली आणि बजावलं, "नवं लोखंड नव्या सुनंसारखं. पहिलं थोडं दिस हळू हातानं वागवा. जोरात ब्रेक न्हाई. घाटात खालचा गिअर. आन् चाक तापलंच तर गाडी उभी करा, वाऱ्यानं गार हू द्या. पाणी न्हाई."

"न्हाई," केरबा म्हणाला.

काही दिवस त्यानं गाडी रिकामीच घाटातून वर-खाली केली. झऱ्यापाशी आला की तो न थांबता पुढे निघून जाई. गणू गुरव हातात बादली घेऊन बघत राही. मिस्त्रीपुढे कबूल केलं ते पुष्कळ झालं, आता लोकांना कशाला सांगायचं, असं केरबानं मनाशी ठरवलं होतं. न थांबता गेलं की हळूहळू लोक विसरतील.

मग तो देववाडीला गेला. यमुनाबाई अंगणात उभी होती. तिनं गाडीकडे बघितलं.

"हीच आणली?"

"व्हय, इहीणबाई. डिस्क बदलल्या. आता हलत न्हाई."

"मागं बी बदलल्या व्हत्या म्हणं. तवा काय झालं व्हतं?"

माल खराब निघाला, असं म्हणणं अगदी सोपं होतं. दुकानदार तिथे नव्हता. अन्वर नव्हता. ऐकणाऱ्या बाईला डिस्क आणि ताटली यांतला फरक माहीत नव्हता. केरबानं तोंड उघडलंही. तेवढ्यात रोहिणी बाहेर आली. दोन जिवांची, पाय जरा सुजलेले, चेहऱ्यावर माहेरी जायचं हसू. "आबा!" ती म्हणाली.

"माल चांगला व्हता," केरबा म्हणाला. "माझं चुकलं व्हतं." आणि उभ्याउभ्याच त्यानं विहिणीला सगळं सांगितलं. विहिणीपुढे स्वतःची लाज स्वतःच्या हातानं काढणं किती अवघड असतं, ते ज्यानं काढली त्यालाच विचारावं. बोलताना तो लेकीकडे बघू शकत नव्हता.

यमुनाबाईनं त्याचं बोलणं पुरं ऐकून घेतलं. मग तिनं आत हाक मारली, "आगं, पोरीची पिशवी आणा." आणि केरबाला म्हणाली, "घिऊन जावा. बिघडलं तर आता तुम्ही सांगाल, एवढं मला पुरं."

निघताना तिनं रोहिणीच्या ओटीत एक नारळ घातला आणि सांगितलं, "खाली घाटाईपुढं ठेव."

झालं. आता झऱ्यावर थांबणं आलंच.

केरबा घाट उतरू लागला. खालच्या गिअरमध्ये इंजिन घुमत होतं आणि गाडी आपल्या चालीनं, न घाबरता उतरत होती. वळण आलं की तो ब्रेकला नुसता पाय लावी. पेडल पायाखाली शांत होतं. रोहिणी थोडा वेळ सासरच्या गमती सांगत बसली, मग बोलता बोलता तिचा डोळा लागला. केरबानं एकदा तिच्याकडे बघितलं. वाफ उडवणं, मिरवणं, कारंजी, त्याला काहीच नको होतं. ही पोर अशीच झोपून राहावी, एवढंच हवं होतं.

देवळाजवळ तीन-चार गाड्या उभ्या होत्या. बाजाराहून परतणारी माणसं झऱ्याभोवती गोळा झाली होती. केरबाची गाडी दिसताच गणू गुरव ओरडला, "आरं, लेक आली! केरबाची लेक आली! आणा बादल्या!"

इतके दिवस न थांबलेली गाडी थांबली, तीही लेकीला घेऊन. लोकांचा उत्साह काय विचारता! सगळ्यांत पुढे संपत होता. संपतही घाटातलाच गाडीवाला, केरबाहून बराच लहान, केरबाचं बघून बघून गाडी शिकलेला. त्यानं काठोकाठ भरलेली बादली उचलली आणि चाकाकडे धावला.

"थांब!" केरबा दारातून उडी मारून म्हणाला. पण बादली हातातून निघाली होती. केरबा चाकापुढे आडवा झाला आणि सगळं पाणी त्याच्याच अंगावर आलं. डोक्यापासून पायापर्यंत तो निथळू लागला. झऱ्याचं पाणी गार होतं. त्याचे दात वाजू लागले.

कुणी हसलं. गुरव मात्र भडकला. "केरबा, देवीच्या कामात आडवा पडतोस?"

केरबानं डोळ्यांवरचं पाणी पुसलं. समोर सगळी ओळखीची माणसं होती. हीच माणसं त्याला मान देत होती, आणि तो मान आता जाणार हे त्याला कळत होतं. गाडीत रोहिणी जागी होऊन काचेतून बघत होती.

"गुरवकाका, देवीनं हे मागितलं नव्हतं," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी चाकातनं धूर निघाला, मी भ्यालो, म्हणून पाणी टाकलं. तुम्ही हात जोडलं आन् मला ते बरं वाटलं. मी गप बसलो. त्या पाण्यानं माझ्या डिस्क वाकल्या, दुसऱ्या तडकल्या. तुम्हाला भरून आणत होतो, आन् ब्रेक कवा जाईल ह्याचा नेम नव्हता. ह्यात देवीचा काय दोष न्हाई. दोष माझा हाय."

एक म्हातारा पुटपुटत देवळाच्या मागे निघून गेला. गुरवानं हातातली बादली हळूच पायरीवर टेकवली.

संपत अजून रिकामी बादली धरून उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता.

"आण्णा," तो म्हणाला, "माझं बी स्टिअरिंग हलतंय. पावसाळ्यापासनं."

केरबा त्याच्याकडे बघतच राहिला. "पावसाळ्यापासनं? आन् बोलला न्हाईस?"

"तुमची गाडी कवा हलली म्हणून तुम्ही बोलला न्हाईसा. मला वाटलं, देवी माझ्यावरच कोपलीया. म्हणून मी पाणी आणखी टाकत व्हतो."

मागून एक गाडीवाला खाकरला. "माझ्या बी पायाला थडथड लागती," तो खाली बघत म्हणाला. मग आणखी एकानं, काही न बोलता, नुसती मान हलवली. त्यांच्या गाड्या तिथेच उभ्या होत्या. आत लोक बसले होते. एका बाईच्या कडेवर मूल होतं.

विहिणीचं बोलणं केरबाला लागलं होतं, पण हे त्याहून खोल लागलं. त्याला वाटलं होतं, आपली लाज आपल्यापुरती आहे. त्याच्या एका गप्प बसण्यानं सगळा घाट गप्प बसला होता, आणि प्रत्येकजण आपापल्या जागी एकटाच घाबरत होता.

"आज कुणी भरली गाडी चढवू न्हाई, उतरवू न्हाई," तो म्हणाला. "रिकाम्या गाड्या सावकाश तालुक्याला घिऊन जावा. अन्वरला चाकं खोलून दावा, आन् इचारलं तर खरं सांगा. माणसं मी पोचवतो."

रोहिणीनं उतरून घाटाईपुढे नारळ ठेवला. केरबानं तिला घरी नेलं, हौसाबाईच्या हवाली केलं, आणि ओल्या कपड्यांनीच परत आला. दिवस मावळेपर्यंत तो लोकांना नेत होता, एकेक फेरी, सावकाश, खालच्या गिअरमध्ये. मधे मधे गाडी उभी करून चाकं वाऱ्यावर गार होऊ देत होता. काही लोक नाराज होते. देवीची वाफ गेली म्हणून कुरकुरत होते. पण कुरकुरत का होईना, बसत होते त्याच्याच गाडीत.

तात्पर्य: चूक लपवून बदललेली वस्तू नवी असली तरी जुन्याच दुखण्यानं बिघडते, आणि आपण लपवलेली चूक आपल्यामागून येणाऱ्यांनाही धोक्यात घालते, म्हणून वस्तू बदलण्याआधी चूक कबूल करावी.